समाज म्हणजे 'सम + आज'? कोणी सांगितलं?

हा फॉरवर्ड महिनाभर फॅमिली ग्रुपवर फिरतोय, मी गप्प होते. काल आठवीतली भाची वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवायला लागली आणि पहिलंच वाक्य, "समाज म्हणजे सम अधिक आज, आजपासून सगळे समान." म्हटलं आता बास. फॉरवर्डचं म्हणणं असं, की ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज यांतला 'समाज' इंग्रजांच्या काळात 'सोसायटी'साठी जुळवलेला शब्द, आणि प्रार्थना समाजवाले छुपे ख्रिश्चन.

आधी ते 'आज'. मराठी आज आलं संस्कृत 'अद्य'वरून, मधे प्राकृत 'अज्ज'. ते उलटं जाऊन संस्कृत शब्दाच्या पोटात कसं बसेल? समाजात आहे तो 'अज्' धातू, म्हणजे हाकणं, आणि पुढे 'सम्', एकत्र. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तर सरळ वाटणीच केलीय, "पशूनां समजोऽन्येषां समाजः", जनावरांचा तो समज, बाकीच्यांचा समाज. फरक एका कान्याचा. (आपल्या ग्रुपला कुठला लागू पडतो ते ज्याचं त्याने बघावं.)

इंग्रजांनी बनवला म्हणे! गिरनारला अशोकाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी तिसरं शतक, त्यातल्या पहिल्याच लेखात "न च समाजो कतव्यो", समाज भरवू नये, राजाला त्यात फार दोष दिसतात. तिथे अर्थ जत्रेसारखा मेळा, आणि लगेच पुढे म्हणतो काही समाज मात्र चांगले असतात.

हां, अर्धं खरं आहे, कबूल. एका धर्मविचाराच्या लोकांची रीतसर संस्था हा अर्थ १९व्या शतकात रुळला. अमरकोशात सधर्मी लोकांच्या गटाला शब्दच वेगळा, निकाय. १८२८ च्या ब्राह्मो समाजालाही सुरुवातीला ब्रह्मसभा म्हणायचे. एकत्र बसून उपासना करायच्या पद्धतीवर चर्चची छाप होती, तेही ठीक.

पण छुपे? लपूनछपून चालायची ती आधीची परमहंस सभा, तिथे जात मोडायची म्हणून ख्रिश्चनाने भाजलेला पाव खायचे. १८६७ ला आत्माराम पांडुरंगांनी मुंबईत काढलेला प्रार्थना समाज उघड होता, रानडे-भांडारकरांसारखी माणसं त्यात, आणि उपासनेला तुकोबांचे अभंग. गिरगावात अख्खा नाका त्या नावाने ओळखतात, यात लपलं काय?

भाचीने वाक्य बदललंय. आता भाषण गुरं हाकण्यापासून सुरू होतं, बाईंना चालेल का विचारत होती.