परीक्षण कसं हाणावं

नवपरीक्षकहो, टपालाने आलेला ऐतिहासिक कादंबरीचा सातशेपानी ठोकळा बघून दचकू नका. आधी लेखकाचं आडनाव बघा, मग नायकाचं. दोन्हींचा मेळ लागला की निम्मं परीक्षण झालंच.

पुढचं सोपं आहे. कादंबरी असेल तर पुरावा मागा, इतिहास असेल तर थरार. सरदाराने बायकोकडे बघून उसासा टाकला की विचारा, 'याला समकालीन साधन कोणतं?' आणि कुणी दहा वर्षं जुन्या मोडी कागदपत्रांचे रुमाल सोडून-बांधून एक सनावळी पक्की केली, तर लिहा: 'रुक्ष. लेखणी ओघवती असती तर...' तीन टिंबं विसरू नका.

तारखा तर हुकमी. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला, तो जुन्या ज्युलियन पद्धतीने. नव्या गणनेने १६ जून येतो. लेखकाने ६ लिहिलं तर तुम्ही १६ म्हणा, १६ लिहिलं तर ६. त्याने शहाणपणाने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लिहिलीच, तर 'सामान्य वाचकाचा विचार नाही'.

खरी चूक मात्र पकडू नका. पान ३१२ वर मावळ्याची आई एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते. वर बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट. साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओका कंद, बटाटा, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं; आपल्याकडे सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले तेच १९४० च्या दशकात. पण हे लिहायचं तर पान ३१२ पर्यंत जायला हवं. मी 'तत्कालीन लोकजीवनाचं अस्सल चित्रण' असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर ते छापूनही आलं.

रहस्यकथेत खुनी कोण ते सांगून टाका, वर 'शेवट अपेक्षितच' म्हणा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचं नाव 'वाचनाची गोडी लावली' एवढ्यापुरतंच घ्यायचं. गोडी लावणाऱ्याला साहित्यिक म्हणत नाहीत.

विज्ञानकथा चुकून आवडलीच, तर 'ही निव्वळ विज्ञानकथा नव्हे' म्हणून सावरून घ्या. इथे एक धोका मात्र आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत विष्णू नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. बिचाऱ्या परीक्षकांची काय पंचाईत! नावावरून काही कळेना, म्हणून कथाच वाचावी लागली.