परसातला गवती चहा आणि बाटलीतलं तेल

कुडाळच्या बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत इसेन्शियल ऑइलची, म्हणजे झाडापाल्यातून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांची, विचारणा फार वाढली आहे. लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट, निलगिरी. कुणी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं, कुणाला मैत्रिणीने सांगितलेलं असतं. ॲरोमाथेरपीवर, म्हणजे सुगंधी तेलांनी बरं वाटवण्यावर, माझा राग नाही. राग आहे तो एकाच समजुतीवर: झाडाचं आहे, मग अपाय कसला?

आपल्याकडे ही समजूत पक्की असण्याला कारण आहे. परसात गवती चहा, माडांच्या सावलीत दालचिनी, जायफळ, लवंग. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण तेज’ दालचिनीची आणि ‘कोकण सुगंधा’ जायफळाची झाडं कितीतरी बागांत आहेत. या वासांत आपण लहानाचे मोठे झालो, त्यांच्यावर आपला विश्वास आहे. तोच विश्वास आपण विचार न करता त्या छोट्या बाटलीवर टाकतो, आणि तिथेच गडबड होते.

गवती चहाच्या पातीतून वाफ सोडून तेल काढतात. एक किलो तेलाला साधारण दीडदोनशे किलो ओली पाती लागते. म्हणजे चमचाभर तेलात जवळपास किलोभर पातीचा अर्क. चहात आपण चार पाती टाकतो, किलोभर पातीचा काढा कुणी पीत नाही. शिवाय हे तेल म्हणजे मुख्यतः सिट्रल नावाचं रसायन, आणि ते नुसतं कातडीवर घातलं तर आग होते, चट्टे उठतात. दालचिनीच्या सालीचं तेल त्याहून जहाल. लवंगेचंही तसंच. दाढ दुखताना लवंग चावणं वेगळं आणि तेलात बुडवलेला बोळा हिरडीवर तासभर धरून बसणं वेगळं. हिरडी भाजते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तान्ह्या बाळांची. पावसाळ्यात एक आजी दुकानात आल्या. “बाळाक सर्दी झाली हा, छातीक लावूक निलगिरीचा तेल दी गो.” बाळ तीन महिन्यांचं. मी नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं. “झाडाचाच मां ता? मगे काय जातला?” त्यांना बसवून समजावलं, आणि तेच इथे लिहिते. निलगिरी आणि पुदिना-मेंथॉलचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाशी गेला तर त्याचा श्वास अडू शकतो. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, ते बेशुद्ध पडू शकतं. बाळाचं नाक चोंदलंय तर मीठपाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, ते घाला. अंगाला साधं कोमट खोबरेल पुरे. बाळ दूध ओढत नसेल, बरगड्या आत ओढत श्वास घेत असेल, तर कुठलंही तेल न शोधता सरळ डॉक्टरकडे न्या.

कापराचंही तेच. 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज घरोघरी फिरले. ऑक्सिजन वाढत नाही. पण ती पुरचुंडी नंतर बाळांच्या गळ्यात आणि पाळण्याला बांधलेली मी पाहिली आहे. मूल हाती लागेल ते तोंडात घालतं, आणि एखाद्या ग्रॅम कापरानेही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कापूर देव्हाऱ्यात ठेवा, पण डबी उंचावर.

मग वापरायचं कसं? मोठ्या माणसाच्या अंगाला लावायचं तर आधी खोबरेलात मिसळायचं. 30 मिली खोबरेलात 6 थेंब म्हणजे साधारण एक टक्का, एवढं बहुतेकांना पुरतं. जास्तीत जास्त 12 थेंब. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा. बादलीतल्या पाण्यात थेंब टाकून आंघोळ करू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं अंगाला चिकटतं. आणि लिंबू किंवा त्याच्याच जातीच्या बर्गमॉटचं पिळून काढलेलं तेल अंगाला लावून तारकर्लीच्या उन्हात फिरू नका. उन्हाने ते कातडी जाळतं, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. गरोदर बायका, फिट येणारी माणसं आणि दमेकरी यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच वापरू नये.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून खांदे भरून आले की गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल चोळणारे खूप आहेत. थोडं चोळलं तर हरकत नाही. पण त्याच्या 5 मिलीमध्ये साधारण 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे वीसहून अधिक गोळ्या! रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याने ते लावूच नये. घरात लहान मूल असेल तर बाटलीची जागा आजच बदला.

होमस्टेवाल्यांना एक कळकळीची विनंती. पावसात खोल्यांना कुबट वास येतो हे खरं आहे. त्यावर दार-खिडक्या लावून दिवसभर डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र, चालवणं हा उपाय नव्हे. बुरशी भिंतीवर तशीच राहते आणि वर उग्र वासाची भर पडते. आधी भिंत कोरडी करा, उघडीप मिळाली की गाद्या बाहेर काढा. डिफ्यूझर लावायचाच तर वीस-पंचवीस मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, आणि पाहुण्यांपैकी कुणाला दमा आहे का ते विचारून. घरात मांजर असेल, आणि आपल्याकडे मासळीच्या वासावर येणारं एखादं असतंच, तर तिला बाहेर जायला वाट ठेवा. मांजरांच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत. टी ट्री तर त्यांच्या अंगाला चुकूनही लावू नका.

खरेदी करताना लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव आणि गडद काचेची बाटली बघा. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, तेव्हा दीडशे रुपयांत मिळणारं ‘शुद्ध गुलाब’ काय असेल ते तुम्हीच ठरवा. बाटली उन्हात ठेवू नका. जुनं, हवा लागलेलं तेल ॲलर्जी जास्त करतं.

सुगंधाने मन शांत होतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. काळजी, झोप, मळमळ यांत काही जणांना थोडा आराम पडतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आरवली-सोन्सुऱ्याकडून सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) येतात तेव्हा अख्खा बाजार घमघमतो, आणि दुकानात दिवसभर उभं राहून आलेला शीण त्या वासाने हलका होतो. पण त्याने साखर, रक्तदाब, थायरॉइड बरं होत नाही. तेल विकणारी एखादी बाई ‘गोळ्या बंद करा’ म्हणाली, तर तिच्याकडून काहीच घेऊ नका.

आणि शेवटी, हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मुलाने तेल किंवा कापूर गिळला तर उलटी काढू नका. उलटीतून तेल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका. दूध, मीठपाणी, काही पाजू नका. 108 ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि ती बाटली सोबत घ्या. किती प्यायलं असेल याचा अंदाज डॉक्टरांना तीच बघून येतो.