शेजाऱ्याचा टक्का कसा वापरावा

परवा एका परिसंवादात वक्त्यांनी पडद्यावर सहा शेजारी देशांचे सहा ठिपके टाकले, त्यांतून एक रेघ ओढली आणि शिक्षणावरच्या सरकारी खर्चाने विकास होत नाही असं जाहीर करून टाळ्याही घेतल्या. मी विचारलं, "खर्च कोणत्या वर्षाचा?" सूत्रसंचालक म्हणाले, "वेळ संपली." एवढी सोपी विद्या तुम्हालाही यावी म्हणून हे चार शब्द.

खर्च आणि विकासदर एकाच वर्षाचे घ्या. यंदा पहिलीत बसलेलं पोर यंदाच उत्पादन वाढवतं, असं धरून चाला.

शिक्षणखर्चाचा जीडीपीतला टक्का वाढवायचा असेल तर जीडीपी घसरायची वाट बघा. भाजक आकसला की एक रुपया न घालता काम होतं.

शिक्षणावर जीडीपीच्या सहा टक्के खर्च, याचं नामस्मरण सोडू नका. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केलं, २०२०च्या धोरणानेही केलं. जप फुकट असतो.

देश खर्च करून श्रीमंत होतात की श्रीमंत झाले म्हणून खर्च करतात, हे कुणी विचारलं तर चहाची वेळ झाली म्हणा.

नेपाळात शिकलेला तरुण आखातात राबतो. शिकवल्याचा खर्च एका देशाच्या वहीत, उत्पादन दुसऱ्याच्या. ही वही उघडूच नका.

आणि हुकमाचा एक्का, बांगलादेश! जीडीपीच्या जेमतेम दोन टक्के खर्च, तरी वर्षानुवर्षं सहा टक्क्यांच्या आसपास वाढ. मग आपण कशाला जास्त घालायचे? मुलींना माध्यमिक शाळेत टिकवण्यासाठी १९९४ पासून देशभर दिलेली शिष्यवृत्ती सांगू नका. ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या हजारो एकखोली शाळा सांगू नका, त्या सरकारी रकान्यात येतच नाहीत. सरकारने सोडलेला भार आईबापांनी शिकवण्यांच्या फीतून उचलला, तेही नको. कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसलेल्या लाखो बायकांनी ती वाढ ओढली, हे तर अजिबात नको. रेघ वाकडी होईल ना! श्रीलंका मात्र जरूर दाखवा. १९४५ पासून मोफत शिक्षण, तरी २०२२ मध्ये दिवाळं, बघा! पण ते दिवाळं २०१९ची करकपात, बुडालेलं पर्यटन आणि परदेशी कर्ज यांनी काढलं. शाळांनी काढलं का हो? त्या शाळांनी गरीब देशात नव्वद टक्क्यांच्या वर साक्षरता आणली, ती तुमच्या कुठल्या ठिपक्यात बसते?

पुरे झाला उपरोध. रेघ ओढणाऱ्या वक्त्यांनो, तुम्हाला शिक्षणाचं काही पडलेलं नाही, पैसे न देण्यासाठी शेजारी हवाय, बस्स. खर्चाचं चीज होत नाही ही तक्रार खरी आहे. २०२४च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. मग शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल बोला, पैसा मार्चअखेर कसा उधळला जातो त्यावर बोला. ते पोर वाचायला अडखळतंय, आणि तुम्ही त्याच्याच वाट्याचे पैसे कापायला ढाक्याचा दाखला देताय? लाज वाटू द्या जरा.