‘लाखभर रुपये घालून प्रोसेसर ९५ अंशांवरच’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार आणि मुद्दे असे: वॉटर कूलिंगवर लाखभर रुपये घालूनही प्रोसेसर ९५ अंशांवर जातो, आम्ही पाणी आधी ग्राफिक्स कार्डातून फिरवलं म्हणून प्रोसेसरला गरम पाणी मिळतं, तुम्ही ऑनलाइन घेतलेला रेडिएटर बसवायला आम्ही नकार दिला, रंगीत पाणी आणि कडक पारदर्शक नळ्या मागितल्या तर काळ्या रबरी नळ्या गळ्यात मारल्या, आणि प्लॅनिंगचे वेगळे पैसे लावले. शिवाय बंगळुरूच्या तुमच्या मित्राचा रेडीमेड एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर एकत्र जोडून तयार मिळणारा वॉटर कूलर) याहून थंड चालतो.

फोनवर बोलता आलं असतं, पण कस्टम लूप (सुटे भाग जोडून बनवलेलं वॉटर कूलिंग) करायचा विचार असलेली पुण्यातली बरीच मंडळी हे रिव्ह्यू वाचून पैसे कुठे घालायचे ते ठरवतात. त्यामुळे इथेच सविस्तर लिहितो.

प्रोसेसरपासून सुरुवात करतो. तुम्ही टाकलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) चालू आहे, प्रोसेसर २३० वॉट घेतोय आणि ९५ वर आहे. त्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात पाण्याचं टेम्परेचर आहे, ४३. लूप नीट चाललाय की नाही हे या दुसऱ्या आकड्यावरून कळतं. मे महिन्यातली दुपार, खोली पश्चिमेची, एसी बंद, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खोलीच ३८च्या आसपास असणार. २३० वॉट उष्णता पोटात घेऊन पाणी खोलीच्या हवेपेक्षा जेमतेम पाच अंश वर आहे. रेडिएटर आणि पंखे त्यांचं काम चोख करताहेत.

मग प्रोसेसर ९५ का? तुमचा प्रोसेसर, एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स, तसाच बनवलेला आहे. पूर्ण लोड आला की तो ९५ अंशांपर्यंत जमेल तेवढा वेग वाढवत नेतो. हे धोक्याचं लक्षण नाही, ते डिझाइनच तसं आहे, असं एएमडीने प्रोसेसर आणताना २०२२ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं. थोडं आत डोकावू. या प्रोसेसरमध्ये कामाच्या दोन चिप आहेत, प्रत्येकी साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. बहुतेक उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर पडते, आणि वर जाड धातूचं झाकण. तुमच्या ग्राफिक्स कार्डाची, आरटीएक्स ४०९० ची, चिप ६०८ चौरस मिलिमीटरची आहे आणि ब्लॉक (ज्यातून पाणी फिरून उष्णता उचलतं तो धातूचा ठोकळा) थेट तिच्यावर बसतो. म्हणून ४५० वॉट खाणारं कार्ड ६१ अंशांवर राहतं आणि त्याच्या निम्मे वॉट खाणारा प्रोसेसर ९५ ला टेकतो. पाणी तेच, पंप तोच. अडथळा चिप आणि ब्लॉकच्या मधल्या जागेत आहे. तिथे आणखी दोन रेडिएटर लावूनही फारसा फरक पडणार नाही, आणि ते विकून तुमचे पैसे घालवणं मला पटत नाही.

कार्ड ६१ ला असतं, ही ओळ तुमच्या रिव्ह्यूत एका वाक्यात उरकली आहे. गेमिंगच्या मशीनमध्ये खरी कमाई तिथेच आहे. एनव्हिडियाने या कार्डाची मर्यादा ९० ठेवली आहे. पुण्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, तासन्‌तास खेळूनही ते ६१ ला थांबतं, आणि पंख्यांचा आवाज हेडफोन काढल्यावरही त्रास देत नाही. प्लॅन केला तेव्हा आम्ही याच दोन गोष्टी नजरेसमोर ठेवल्या होत्या.

पाण्याच्या क्रमाबद्दल. ही शंका बऱ्याच जणांना येते आणि रास्त आहे. तुमच्या फ्लो मीटरवर मिनिटाला साधारण ४ लिटर दिसतात. एवढं पाणी एका अंशाने तापवायला सुमारे २८० वॉट लागतात. म्हणजे कार्ड पूर्ण ४५० वॉट ओतत असलं तरी त्यातून बाहेर पडणारं पाणी आत गेलेल्यापेक्षा दीड-पावणेदोन अंशच जास्त गरम असतं. क्रम उलटा केला तर प्रोसेसरला तेवढाच फायदा, आणि त्यासाठी एक नळी रॅमच्या पुढून आडवी न्यावी लागली असती. पुढे कधी रॅम बदलायची झाली तर आधी लूप रिकामा करा! तो व्याप नको म्हणून हा मार्ग निवडला.

बंगळुरूची तुलना करताना आधी दोन्ही खोल्यांचं टेम्परेचर बघा. पाण्याचा लूप असो की एआयओ, खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. खोली २६ची असेल तर तुमचंही कार्ड पन्नाशीच्या खाली दिसेल, डिसेंबरात पाहा. चिलर लावून पाणी हवेपेक्षा थंड करता येतं, पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत थंड ब्लॉकवर थेंब धरतात, आणि ते मदरबोर्डवर पडतात. म्हणून तो पर्याय मी सुचवला नाही आणि सुचवणारही नाही.

आता रेडिएटर. याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त रागावला आहात, तर नीट सांगतो. तुम्ही आणलेल्या खोक्यावर कशाचा बनलाय ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या मुलाने तुमच्यासमोरच पोर्टच्या आतल्या आट्यांवर टॉर्च मारला. तिथे पितळेचा पिवळेपणा नव्हता, सगळं पांढरट चंदेरी. वजनही आकाराच्या मानाने हलकं. तो ॲल्युमिनियमचा होता. तुमचे दोन्ही ब्लॉक तांब्याचे, वर निकेलचा मुलामा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याचा राखाडी-पांढरा गाळ पाण्याबरोबर फिरतो आणि ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक फटींत जाऊन बसतो. फ्लो कमी होतो, टेम्परेचर चढतं, आणि शेवटी रेडिएटरला सुईएवढं भोक पडतं. ते कधी पडेल आणि खाली काय असेल, यावर कुणाचाच ताबा नाही. तुमच्या केसमध्ये खाली ४०९० आहे.

गाडीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर चालतो, एआयओतही असतो, मग इथे का नाही, असं तुम्ही काउंटरवर विचारलं होतंत. तिथे गंजरोधक घातलेलं द्रव असतं. एआयओ तर कारखान्यातच सील होऊन येतो, त्यात कुणी हात घालत नाही. उघड्या लूपमध्ये टाकी कमी दिसली की माणूस घरात असेल ते पाणी ओततो आणि गंजरोधक पातळ होत जातं. तुम्हीही लिहिलंय की मध्यंतरी थोडं आरओचं पाणी टाकलं. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. प्यायला ते उत्तम, लूपला नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी तर अजिबात नको. आम्ही दिलेल्या बाटलीतलंच कूलंट वापरा. संपलं तर दुकानातून न्या, टॉप-अपपुरत्या कूलंटचे आम्ही पैसे घेत नाही.

नळ्यांचं कारण उन्हाळाच आहे. तुमची पहिली मागणी छोट्या काचेच्या केसमध्ये एकच पातळ ३६० रेडिएटर अशी होती. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम ताणले तर ६८० वॉट होतात. एवढी उष्णता तीन पंख्यांच्या एका पातळ रेडिएटरवर टाकली, आणि खोली ३८ची असली, तर पाणी ६०च्या घरात जायला वेळ लागत नाही. त्या टेम्परेचरला पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या फिटिंगपाशी मऊ पडू लागतात, आणि लूपमधल्या डी५ पंपाची मर्यादाही ६०च आहे. म्हणून दोन ३६० आणि ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्या. त्या दिसायला साध्या आहेत, मान्य. पण त्या तापाने वाकत नाहीत, आणि स्वस्त पारदर्शक नळ्यांतून जो चिकट पांढरा थर पाण्यात उतरतो तोही त्यांच्यातून येत नाही. दुधाळ रंगाच्या कूलंटमधले कण कालांतराने खाली बसतात, तेही शेवटी ब्लॉकमध्येच. शोकेससाठी मशीन हवं असतं तर मी वेगळा प्लॅन दिला असता. तुम्ही पहिल्याच भेटीत ‘रोज खेळायचंय, देखभाल जमणार नाही’ म्हणालात, आणि मी ते मनावर घेतलं.

प्लॅनिंगचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलेले होते. त्यात तुमच्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलला बसणारा ब्लॉक शोधणं आलं. कंपनी बदलली की ४०९० चा बोर्डही बदलतो, आणि चुकीचा ब्लॉक कुणी परत घेत नाही. वरचा रेडिएटर रॅमला अडतो का ते मोजणं, पाणी काढायचा नळ कुठे ठेवायचा ते ठरवणं, हेही त्यातच. लूप भरण्याआधी हवेच्या दाबाने गळती तपासली, मग पाणी भरून फक्त पंप चालू ठेवला, मदरबोर्डला करंट न देता, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर घालून. सकाळी प्रत्येक पेपर हातात घेऊन, कोरडा आहे ना ते पाहिलं, आणि मगच मशीन सुरू केलं. या कामाचे पैसे मी घेतो आणि पुढेही घेणार.

तुम्हाला ९५ हा आकडा डोळ्यांसमोर नको असेल तर त्याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसर १०५ वॉटच्या इको मोडवर ठेवला की तो जास्तीत जास्त १४२ वॉट घेतो. सिनेबेंचचा स्कोअर थोडा उतरेल, गेममध्ये फरक जाणवणार नाही. किंवा टेम्परेचरची मर्यादाच ८५ वर बांधून देता येते. दोन्ही तुमच्यासमोर करून दाखवतो, तुमचाच गेम चालवून. जे पटेल ते ठेवू.

कधीही या, फक्त गुरुवार सोडून. त्या दिवशी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते. मशीन गाडीत उभंच ठेवा, आडवं केलं तर टाकीतली हवा पंपात जाते. आणि आरओचं पाणी साधारण किती टाकलं ते आठवून ठेवा. थोडंसं असलं तरी आधी लूप रिकामा करून डिस्टिल्ड पाण्याने धुऊ, नवीन कूलंट भरू, आणि मग बायोसकडे वळू.