थेट प्राण्यांसाठी दिलेले पैसे

गेल्या महिन्यात विलेपार्ल्यातील एका सोसायटीच्या सभागृहात आमच्या संस्थेचा छोटासा कार्यक्रम झाला. समुद्री कासवांवरची चित्रफीत दाखवून झाली, प्रश्नोत्तरे झाली, चहा झाला, आणि एक निवृत्त दांपत्य माझ्यापाशी आले. काकूंनी पर्समधून पंचवीस हजारांचा धनादेश काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "एवढंच बघा हं, हे पैसे थेट प्राण्यांसाठीच वापरा. पगारबिगारात नकोत." मी नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि पावती फाडली. घरी परतताना गाडीत बसल्यावर मात्र मला काकूंचा नव्हे, स्वतःचाच राग आला, कारण गेली नऊ वर्षे मी या वाक्यावर अशीच मान डोलावत आलो आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वन्यजीव संरक्षणाचे काम राज्यभर करणाऱ्या, पण आकाराने अगदी लहान असलेल्या एका संस्थेचा मी विनावेतन कोषाध्यक्ष आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण ही पोस्ट देणगी मागण्यासाठी नाही. मी आजवर जंगलात बिबट्या पाहिलेला नाही. माहीमच्या एका चाळीतील आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून मी पाहतो ती व्हाउचरे, आणि वन्यजीव कसे वाचतात याविषयी मला जे काही कळले आहे ते त्या व्हाउचरांतूनच कळले आहे.

उदाहरणच द्यायचे तर, कासवांच्या हंगामात दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातून एक जाड पाकीट येते. त्यात एसटीची तिकिटे असतात, विजेरीच्या सेलची चिठ्ठी असते, अक्षरे उडून गेलेली पेट्रोलपंपाची पावती असते. मागे एकदा त्यात वहीच्या पानाचा अर्धा तुकडा होता. त्यावर लिहिले होते, "होडीभाडे रु. ३००. होडीवाले काका बिल देत नाहीत, सही घेतली आहे." खाली खरोखरच सही होती आणि कागदाच्या कोपऱ्यात माशाचे एक खवले चिकटून वाळलेले होते. मी ते काढले नाही. आमच्या लेखापरीक्षकांनी मात्र ते नखाने उडवले आणि बाजूला शेरा मारला, "पुरावा अपुरा."

त्या तीनशे रुपयांमागे काय असते ते सांगतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती फिरकत नाही. पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात आणि तोवर कुत्री, कोल्हे व माणसे या तिघांपासून ती अंडी सांभाळावी लागतात. म्हणून आमचा कार्यकर्ता पहाटे चारच्या आधी, विजेरीला लाल कागद बांधून, किनारा चालायला घेतो. वाळूतला माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो असे तो सांगतो. मागाच्या टोकाशी काठीने हलकेच चाचपून तो घरटे शोधतो आणि वनखात्याच्या परवानगीने अंडी कुंपणाच्या आतील उबवणी केंद्रात, मूळ खड्ड्याइतक्याच खोलीवर पुन्हा पुरतो. उधाणाच्या दिवसांत पाणी माग पुसून टाकते, तेव्हा एकाच रात्री दोनदा चालावे लागते. आणि त्याच्या वाट्याचा दुसरा किनारा खाडीपलीकडे असल्यामुळे होडी लागते.

यात "थेट प्राण्यांसाठी" झालेला खर्च कोणता, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. मादी आपले काम फुकट करते. वाळू फुकट, ऊब सूर्याची. पैसे लागतात ते चालणाऱ्या माणसाला.

हिशेबाच्या नमुन्यालाही हे कळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या आमच्यासारख्या संस्थांना जमाखर्च अनुसूची नऊमध्ये मांडावा लागतो. तिथे आस्थापना खर्च वेगळा आणि उद्दिष्टांवरील खर्च वेगळा. उद्दिष्टांखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण असे रकाने आहेत, आणि शेवटी "इतर धर्मादाय उद्दिष्टे" असा एक रकाना आहे. महाराष्ट्रातील वाघ, माळढोक, गिधाडे आणि कासवे ही सगळी या "इतर"मध्ये बसतात. त्या रकान्यात लिहिलेला रुपया पुण्याचा आणि आस्थापनेत लिहिलेला रुपया पापाचा, अशी आम्हा सर्वांची समजूत होऊन बसली आहे. त्यामुळे किनारा चालणाऱ्या माणसाच्या पैशाला आम्ही पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. पगार म्हटला की भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली, दरवर्षीची वाढ आली. मानधनात मान तेवढा आपोआप येतो.

आणि मान आपण खरोखर भरभरून देतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर नोव्हेंबरला, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जयंत्यांना जोडून येणाऱ्या पक्षी सप्ताहात, "निसर्गवेडा", "ध्येयवेडा", "झपाटलेला" असे मथळे हमखास येतात. मला हे शब्द हल्ली सहन होत नाहीत. माणसाला एकदा वेडा ठरवले की त्याला महिन्याच्या एक तारखेला काय मिळते हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. आपल्या बँकेच्या रोखपालाला कोणी ध्येयवेडा म्हणत नाही, कारण त्याचा पगार ठरलेला असतो.

या समजुतीचे मूळ आपल्या मुंबईतच असावे, असे मला वाटते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पुढच्याच वर्षी संस्थेला खोली मिळाली ती फोर्ब्स स्ट्रीटवरील हर्बर्ट फिप्सन या मद्यविक्रेत्याच्या पेढीत, आणि हेच फिप्सन पुढे अनेक वर्षे संस्थेचे मानद चिटणीस होते. ही माणसे मोठीच होती, याविषयी वाद नाही. मात्र कोणाचा दवाखाना चालत होता, कोणाची पेढी चालत होती. निसर्गाचे काम ही उरलेल्या वेळेतील, आनंदाची गोष्ट होती. दुपारी कचेरीत भरणाऱ्या मंडळाला ही रीत पुरते. पहाटे चार वाजता वाळू तुडवण्याच्या कामाला ती पुरत नाही, आणि आपण मात्र तीच रीत खाली गावापर्यंत नेली.

खुद्द सलीम अलींचे उदाहरण आपण विसरतो. १९२६ साली त्यांना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे ते रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले आणि १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झाले होते. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला, ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, जणू पद रद्द झाले हे बरेच झाले. किहीमला राहायला घर होते म्हणून सलीम अली टिकले. ज्यांना असे घर नव्हते ती माणसे या क्षेत्रातून निघून गेली आणि त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

असा एक माणूस माझ्यामुळे गेला, हेही सांगितले पाहिजे. कोषाध्यक्ष झाल्यावर पहिल्याच वर्षी मी आस्थापना खर्च निम्म्यावर आणून दाखवला. वार्षिक सभेत टाळ्या वाजल्या. मी काय कापले होते? फोनचे रिचार्ज, पावसाळ्यातील चार महिन्यांचे मानधन (कासवे नसतात तर मानधन कशाला, असा माझा बँकेतील युक्तिवाद होता), आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांचा अपघात विमा. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या त्या कार्यकर्त्याची मोटारसायकल पहाटेच्या अंधारात जांभ्याच्या खडीवरून घसरली आणि पाय मोडला. दवाखान्याचा खर्च आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गणी काढून भागवला. पावसाळ्याआधीच तो एका कारखान्यात गाडी चालवायला लागला. मी फोन केला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पगार वेळेवर मिळतो, सर," एवढेच म्हणाला.

जाताना त्याने आपली वही आमच्याकडे दिली. दोन वर्षे ती जागा रिकामी राहिली आणि नंतर जो मुलगा आला त्याला त्या वहीतील निम्म्या खुणा लागल्याच नाहीत. "मोठ्या सुरूखाली, दोन हात वर" अशा नोंदी होत्या, आणि तो मोठा सुरू २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आडवा झाला होता. त्या किनाऱ्यावर मादी कुठल्या टप्प्यात वारंवार येते हे ज्ञान एका माणसाच्या पायांत होते. ते मी रिचार्जच्या पैशांत घालवले.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा वेगळाच विषय आहे, पण थोडक्यात लिहितो. एका कंपनीने आम्हाला उत्तम कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, दिले. त्यांतील सेल व कार्डे बदलायला जंगलात जाणाऱ्या माणसाचे पैसे मागितल्यावर "अ‍ॅडमिन पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही" असे उत्तर आले. वास्तविक २०२१ च्या नियमांतील पाच टक्क्यांची ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या माणसांवर नाही. हे मी पत्राने कळवले. उत्तराऐवजी टी-शर्ट आले. परदेशी देणग्यांच्या कायद्यात तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली.

यावर "संस्था पैसे खातात" असे कोणी म्हणेल, आणि काही खातातही. परिषदा, गाड्या, गुळगुळीत कागदावरचे अहवाल मी पाहिलेले आहेत. अशा वेळी ताळेबंद जरूर मागा. पण त्यात पगाराचा आकडा किती लहान आहे हे पाहण्याऐवजी, क्षेत्रावरील माणूस त्या संस्थेत किती वर्षे टिकला आहे आणि त्याचा विमा आहे का, हे विचारा. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी पाहणी करताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या सरकारी सेवेत होत्या. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक झाले. त्यांच्याबरोबर त्या वाटेवर तीन वनमजूरही होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचे उदाहरणही याच बाजूने बोलते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांचे काम उभे केले आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातील घरांत पाहुणे राहू लागले, जेवू लागले. पूर्वी जिथून अंडी उचलून नेली जात होती, तिथे घरटी राखणे ही गावाच्या मिळकतीची गोष्ट झाली. प्रबोधन झाले म्हणून गाव बदलले, असे आपण मुंबईकर सांगतो. मला वाटते, चुलीवर ठेवायला काही आले म्हणून प्रबोधन पटले.

यंदाच्या अंदाजपत्रकात मी बारा महिन्यांचा पगार, पगार या नावानेच, आणि अपघात विमा असे दोन्ही धरले आहे. आस्थापना खर्च दुपटीच्या वर जातो. कार्यकारिणीत दोघांनी नाराजी नोंदवली आहे आणि ते चुकीचे आहेत असे नाही. देणगीदार कमी होतील ही त्यांची भीती खरी आहे.

काकूंचा धनादेश मी अजून बँकेत भरलेला नाही. त्याची मुदत तीन महिने असते, म्हणजे घाई नाही. येत्या रविवारी पार्ल्याला जाऊन मी त्यांच्यापुढे ते पाकीट ठेवणार आहे, एसटीची तिकिटे, सेलची चिठ्ठी आणि होडीवाल्या काकांची सही यांसकट, आणि पावतीवर "सामान्य निधीसाठी" असे लिहू का, हे विचारणार आहे. त्या नाही म्हणाल्या तर धनादेश परत देऊन येईन.