आजीचा नमुना नंबर ४

सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने मलावीला, म्हणजे मी राहते त्या आफ्रिकी देशाला, १००० टन तांदूळ पाठवला. एल निनोमुळे इथला मका उभ्याने करपला होता, २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली होती. पुढच्याच महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे राजधानी लिलाँग्वेला आल्या. त्या वेळी तांदळासोबत कॅन्सरच्या उपचारासाठी भाभाट्रॉन यंत्रही भेट दिलं गेलं, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेलं. मी बातमी मोठ्या अभिमानाने घरच्या ग्रुपवर टाकली. काकांचं उत्तर लगेच आलं: "आधी आपल्या शेतकऱ्याचं बघा म्हणावं. आणि फुकट दिलं की माणूस काम सोडतो. इथे लाडक्या बहिणींचं बघतोयच आम्ही." खाली चौघांनी अंगठे दिले. वहिनीने दिला नाही. तिच्या खात्यावर महिन्याला ते दीड हजार येतात.

काकांनी मला शिकायला सांगलीला ठेवलं, पदरमोड करून. त्यांना वाईट हेतूने बोलता येत नाही, म्हणूनच त्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मी गेली नऊ वर्षं इथे औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघते. परदेशी मदत म्हणजे काय, ती आली की काय होतं आणि गेली की काय होतं, हे मला मालाच्या चलनांवरून कळतं आणि आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंकडूनही.

ताईंची आई मचिंजीकडे राहते. लिलाँग्वेहून पश्चिमेला, झांबियाच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर. म्हातारी तीन नातवंडं सांभाळते, त्यांचे आईवडील नाहीत. तिला 'म्तुकुला पाखोमो'चे पैसे मिळतात. चिचेवा भाषेत याचा अर्थ घर उचलून धरणारं. ही योजना २००६ मध्ये मचिंजीतच सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. सर्वांत गरीब दहा टक्के घरं निवडायची आणि त्यातही जिथे राबणारा हात नाही अशी, म्हणजे म्हातारी माणसं, अपंग, पोरकी मुलं. पैसे दर दोन महिन्यांनी. दोन महिन्यांचे मिळून मक्याचं एक पोतंही पुरतं येत नाही.

मी एकदा ताईंबरोबर वाटपाच्या दिवशी गेले होते. आंब्याच्या झाडाखाली बाया पाय पसरून बसल्या होत्या, कार्डं चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या, गाठीत बांधलेली. आपल्या आज्या कनवटीला पैसे लावायच्या तशीच ती गाठ. म्हातारीने नोटा दोनदा मोजल्या आणि तिथेच वाटण्या केल्या: इतके मक्याला, इतके थोरल्या नातीच्या वहीला, इतके शेजारणीच्या उसनवारीचे. उरलेल्यातून मागे कधीतरी तिने शेळी घेतली होती. आता तीन आहेत. परतताना तिने मला त्या शेळ्या एकेक करून दाखवल्या, कान धरून.

हे एकाच म्हातारीचं नाही. २०१३ ते २०१५ या काळात सलिमा आणि मंगोची जिल्ह्यांत या योजनेचा नीट अभ्यास झाला. पैसे मिळणारी घरं जास्त खात होती, जनावरं घेत होती. जगभरच्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही गरिबाला रोख दिली की तो दारू-तंबाखूवर उधळतो याला आधार सापडला नाही. काका, तुमच्या भीतीला पुरावा नाही, हे मला आदराने सांगायचं आहे. वहिनीकडे विचारा. पहिले तीन हप्ते मुलीच्या एसटीच्या पासाला आणि तुमच्याच वहिनींच्या, म्हणजे माझ्या आईच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांना गेले.

माझी काळजी वेगळी आहे. या योजनेचे पैसे येतात जर्मनी, युरोपीय संघ, आयर्लंड, जागतिक बँक यांच्याकडून. मलावी सरकार स्वतःच्या तिजोरीतून मुख्यतः एकच जिल्हा सांभाळत आलं आहे, थ्योलो. आरोग्यावरच्या खर्चातलाही अर्ध्याहून अधिक पैसा बाहेरचा. आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात शब्द दिला होता की अर्थसंकल्पाचा पंधरा टक्के हिस्सा आरोग्याला देऊ. बहुतेक देश तिथवर पोचलेच नाहीत. त्यात २०१३ मध्ये इथे 'कॅशगेट' उघडकीला आलं. सरकारी अधिकारी आणि ठेकेदारांनी मिळून तिजोरीतला पैसा लांबवला होता. देणगीदार देशांनी सरकारच्या हाती थेट पैसे देणं थांबवलं. त्यांचा राग मला समजतो. पण त्यानंतर पैसा सरकारला वळसा घालून संस्थांमार्फत जाऊ लागला आणि गावातल्या माणसाचा आणि त्याच्या सरकारचा उरलासुरला हिशेबही तुटला. दवाखान्यात गोळ्या नसतील तर आमदाराला काय विचारायचं? गोळ्या आमदाराने कुठे आणल्या होत्या?

मग २० जानेवारी २०२५ उजाडला. अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलैला ही मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच मिटली. ब्रिटननेही सांगून टाकलं की २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणू. मलावीत दहा लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतात. औषधं एका दिवसात संपली नाहीत. आधी माणसं गेली: नोंदी ठेवणारी, गोळ्या न्यायला न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करणारी. आमच्या शेजारचा मुलगा अशाच एका प्रकल्पात नोंदी करायचा. शुक्रवारी कामावर होता, सोमवारी फोन आला की येऊ नको. त्याने मला विचारलं, "मॅडम, मी कुठल्या पेशंटला काय सांगायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मदत बंद करणाऱ्यांपैकी कुणालाही इथल्या एकाही माणसाने मत दिलेलं नव्हतं.

तेव्हा मला माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती जतकडे खडी फोडायला होती. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण पोरांसाठी ती भाजायची. सुकडीच्या रांगेत उभं राहिल्याचं ती कधी लपवत नसे. मदत आम्हीही खाल्ली आहे, काका. तुम्हीही त्याच चुलीपुढे बसला होता.

पण महाराष्ट्र तिथेच थांबला नाही. सांगली जिल्ह्यातलेच वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी विसापूरच्या भागात आधीच करून पाहिलेली कल्पना दुष्काळाने राज्यभर नेली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकार भत्ता. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला होता. पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ना, तो हाच. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या खिशातून जतच्या बाईच्या मजुरीसाठी. त्या योजनेत बोगस मस्टर झाली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, सगळं खरं. तरी आजी नमुना नंबर ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरून द्यायची, पावती मागायची आणि काम निघालं नाही की बायांबरोबर तहसील कचेरीवर जाऊन बसायची. ती अंगठा उठवणारी बाई होती, पण फॉर्मचा नंबर तिला तोंडपाठ होता.

लाडकी बहीण योजनेकडे मी याच नजरेने बघते. जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. तिच्यामागे कायदा नाही, शासन निर्णय आहे. वेगळा कर नाही. निवडणुकीआधी अर्ज पटापट मंजूर झाले, निवडणुकीनंतर पडताळणी सुरू झाली. १४ हजारांवर पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचं निघालं, ते काढायलाच हवेत. पण ई-केवायसीत नाव अडकलं की वहिनीने कुणाकडे दाद मागायची आणि किती दिवसांत उत्तर मिळायला हवं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? तिचा दीड हजार देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. मचिंजीच्या म्हातारीचाही तसाच आहे. फरक इतकाच की म्हातारीच्या देशाची तिजोरी खरोखर रिकामी आहे. आपली नाही. आपल्याला कर लावता येतो, कायदा करता येतो, आणि आपण तो पूर्वी केलाही आहे, याहून गरीब असताना. काकांनी रागवायचंच असेल तर वहिनीवर नको, कायदा न करणाऱ्यांवर रागवावं. मी त्यांच्या बाजूला उभी राहीन.

मदत बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या शेळ्या मी पाहिल्या आहेत. १००० टन तांदूळ पाठवला हे चांगलंच केलं, अजून पाठवावा.

गेल्या खेपेला मचिंजीला गेले तेव्हा हप्ता लांबला होता. म्हातारी अंगणात मक्याची कणसं सोलत होती. ताई दुभाष्या झाल्या आणि मी तिला आजीची गोष्ट सांगितली, खडीची, मिलोची, फॉर्मची. तिला फॉर्मचं फारसं कळलं नाही. तिने विचारलं, पैसे आले नाहीत तर तुझी आजी कुणाकडे जायची? मी म्हटलं, तहसील कचेरीवर, सगळ्या बायका मिळून. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं आणि ताईंना म्हणाली, तिला परत सांगायला सांग.