कराचा मुद्दा राहिलाच

अमेरिकेतली पुस्तकांची दुकानं बंद पडली कारण ती 'ग्राहकाला समजून घेण्यात कमी पडली', हे लेखातलं वाक्य मला पटलं नाही. 2007 ते 2011 मी न्यू जर्सीत पुस्तकांच्या एका छोट्या दुकानात गल्ल्यावर असायचे. तीस डॉलरचं पुस्तक घेतलं की वर सात टक्के विक्रीकर, म्हणजे दोन डॉलर दहा सेंट, आम्हाला घ्यावेच लागायचे. तेच पुस्तक अ‍ॅमेझॉनवरून मागवलं तर तेव्हा तो कर घेतला जात नसे. लोक अर्धा तास पुस्तक चाळायचे, मालकांना चार गोष्टी विचारायचे, मागच्या पानावरचा पुस्तकाचा नंबर लिहून घ्यायचे आणि निघून जायचे. त्यात त्यांचं तरी काय चुकलं?

ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम, काहीच नाही तिथला कर गोळा करायची सक्ती नाही, असा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1992 चा निकाल होता. तो फिरला थेट 2018 मध्ये. कंपनीसाठी सिएटल शहर निवडतानाही अ‍ॅमेझॉनचे संस्थापक बेझोस यांनी हा हिशेब केला होता: वॉशिंग्टन राज्याची लोकसंख्या कमी, म्हणून कर लागणारे ग्राहकही कमी. अ‍ॅमेझॉनकडे निवड अफाट होती, घरपोच सेवा उत्तम होती, हे मान्यच. पण दोन दशकं सरकारी नियमानेच एका बाजूला सूट मिळत होती, हे न लिहिता दोष दुकानदारांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. आमच्या मालकांना गिऱ्हाइकांची नावंच काय, त्यांची मुलं काय वाचतात तेही पाठ होतं.